सोपाऱ्याची सहल तेरपासून सुरू करा

प्रति,
संपादक महोदय,
‘वाचकांची पत्रे’ विभाग

विषय : प्राचीन बंदरांच्या शालेय सहली आणि तेरचे संग्रहालय

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली निघतात. मुंबईकडे जाणाऱ्या काही गाड्या ‘प्राचीन बंदर’ म्हणून नालासोपाऱ्याकडेही वळतात. कल्पना चांगली आहे, पण नुसती गाडी वळवून भागत नाही. मुलांच्या डोक्यात समुद्र असतो, गलबतांचा धक्का असतो, काचेच्या कपाटातली नाणी असतात. प्रत्यक्षात समोर येतो तो विटांचा स्तूप, तोही ढासळलेला. किनारा तिथून काही किलोमीटरवर राहिलेला असतो. दहा मिनिटांत मुले परत गाडीत बसतात आणि पुढच्या ठिकाणी चौपाटी आहे का, असे विचारू लागतात.

सहल ठरवणाऱ्या शिक्षकांना आमचे सांगणे असे : सोपारा दाखवायचा असेल तर सहलीची सुरुवात धाराशिव जिल्ह्यातल्या तेरपासून करा. बंदरात कोणता माल येत होता आणि तो कुठून येत होता हे आधी डोळ्यांखालून गेले, तरच विटांचा तो ढीग बोलायला लागतो.

आधी समुद्राचा प्रश्न. सोपारा वसईची खाडी आणि वैतरणा नदी यांच्या मधल्या सखल भागात आहे. जुनी बंदरे उघड्या किनाऱ्यावर नसत, खाडीच्या आत असत, कारण तिथे वाऱ्यापासून आडोसा मिळे आणि भरतीच्या पाण्यावर जहाज आत घेता येई. हीच सोय पुढे नडली. खाड्या गाळाने भरल्या, पाणी मागे हटले आणि बंदर जमिनीत अडकले. मुलांना निघण्यापूर्वीच नकाशावर हे दाखवले की समुद्र न दिसल्याची निराशा टळते, उलट ‘तो गेला कुठे?’ असा प्रश्न पडतो. सहलीत यापेक्षा चांगला प्रश्न कोणता पडणार?

दुसरी अडचण वस्तूंची. ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा तो ढिगारा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एप्रिल १८८२ मध्ये उकरला. आत विटांच्या चौकोनी पोकळीत दगडी पेटी होती. त्या पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्या पोटात एकात एक बसवलेले आणखी करंडक आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे होते. सोबत सोन्याची फुले, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि बुद्धाच्या आठ धातुमूर्ती होत्या. या मूर्ती शैलीने बऱ्याच नंतरच्या, सुमारे आठव्या-नवव्या शतकातल्या वाटतात. म्हणजे स्तूप मध्ये कधीतरी उघडून पुन्हा बंद केला गेला असावा. हा सगळा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. थोडक्यात, स्थळ एका ठिकाणी आणि वस्तू दुसरीकडे. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वस्तू, मग स्थळ. उलट केले तर स्तूपापाशी मुलांना नुसत्या विटा दिसतात. पेटी कुठे होती आणि आत काय होते हे माहीत असलेली मुले मात्र स्तूपाचा मधला भाग शोधत जातात.

आता तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत आपली दोन गावे आहेत : पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर. त्यातले बॅरिगाझा बंदर म्हणजे गुजरातमधले भडोच. तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर, ‘फार मोठे शहर’. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून साधे कापड व तलम मलमल भडोचला जाई, तेही गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून. तगरच्या बाजारात किनाऱ्याकडच्या भागातला मालही येत असे, हेही त्यात लिहिले आहे. सोपारा आणि कल्याण यांची नावे त्याच मार्गदर्शिकेत लगेच पुढे येतात. कल्याणचे बंदर पुढे परकी जहाजांना अडचणीचे झाले आणि तिथे चुकून शिरलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेत, असा तपशीलही आहे. बंदरांची स्पर्धा तेव्हाही साधी नव्हती.

हे तगर कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. देवगिरी, जुन्नर अशी नावे पुढे आली, डॉ. रा. गो. भांडारकरांनी आपल्या बीड जिल्ह्यातल्या धारूरचे नाव सुचवले. १९०१ मध्ये प्राचीन लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तेरच्या बाजूने मांडणी केली आणि नंतरच्या शोधांनी ती पक्की केली. वर्गात नकाशा घेऊन हा वाद मुलांकडून सोडवून घ्यावा. भडोच, पैठण, तेर यांवर टिंबे द्या आणि अंतरांचे प्रमाण वीसास दहा जुळते का ते मोजायला सांगा. तेर पैठणच्या थेट पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, हे कुणीतरी पकडतेच. पकडू द्या. जुन्या साधनातली दिशा किती काटेकोर धरायची, हा इतिहासाचा खरा धडा तिथे मिळतो.

तेरचे संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने ओळखले जाते. गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडातून, आणि शेतांतून मिळालेल्या वस्तू त्यांनी जमवल्या आणि तो संग्रह पुढे शासनाच्या ताब्यात आला. याशिवाय तेरला रीतसर उत्खननेही झाली. १९५८ सालचे पुरातत्त्वज्ञ चापेकर यांचे उत्खनन त्यांतले महत्त्वाचे. हा फरक मुलांना आधी सांगणे फार गरजेचे आहे. पावसाने उघडी पडलेली किंवा नांगराला लागलेली वस्तू सुंदर असू शकते, पण ती कोणत्या थरातली हे कळत नाही. तिचा काळ मग घडणीवरून आणि दुसरीकडच्या तशाच वस्तूंवरून ठरवावा लागतो. उत्खननातल्या वस्तूला मात्र खड्डा, थर आणि खोली यांची नोंद असते. खापरांच्या आतल्या अंगाला बारीक शाईत लिहिलेली अक्षरे आणि आकडे दिसले तर ते डाग नव्हेत. स्थळाचे लघुरूप, खड्डा आणि थर असा तो पत्ता असतो. प्रत्येक मुलाने असा एक ‘पत्ता’ शोधून वहीत उतरवावा. अर्धे पुरातत्त्वशास्त्र त्यात येते.

कपाटांत सगळे पाहू नये. चार गोष्टी पुरे.

पहिली गोष्ट मणी. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अकीक तयार होतो आणि नद्यांच्या वाळू-गोट्यांत येऊन पडतो. लाल मणी निसर्गतः तितका लाल नसतो. दगड आधी उन्हात चांगला वाळवतात आणि मग मंद आचेवर बराच वेळ भाजतात. उष्णतेने दगडातल्या लोहाच्या संयुगांतले पाणी निघून जाते आणि रंग लाल होतो. घाई केली, दगड ओलसर राहिला किंवा आच एकदम वाढवली, तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो तडकतो. भोक दोन्ही टोकांकडून पाडतात, कारण एकाच बाजूने पार नेले तर दुसऱ्या टोकाला टवका उडतो. दोन भोके मध्ये नेमकी भेटली नाहीत की आत पायरी राहते. गुजरातमधल्या खंभातचे कारागीर आजही या कामाला हिऱ्याची कणी लावलेला सामता, म्हणजे दोरीच्या धनुकलीने फिरवायचे गिरमिट, वापरतात. म्हणून कपाटात देखणा मणी शोधू नका, अर्धवट सोडलेला, तडकलेला, भोक चुकलेला मणी शोधा. विकत आणलेला मणी कुठेही सापडेल. बिघडलेला मणी सापडला तर काम तिथेच होत होते, असा अंदाज बांधता येतो. गाईडच्या माहितीत हे सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट शंखाच्या बांगड्या. त्या समुद्रातून शेकडो किलोमीटर आत तेरपर्यंत आल्या, म्हणजे किनाऱ्याचा माल तगरच्या बाजारात येत असे या वाक्याचा पुरावाच समोर असतो. जाड शंख करवतीने आडवा कापला की कडी निघते आणि मधला पिळदार दांडा उरतो. असा दांडा किंवा कापलेला तुकडा जवळ असेल तर तोही नीट पाहावा. कडीचा आतला वळणदार भाग पाहिला की ती शंखाची आहे हे ओळखता येते, कारण साच्यातून काढलेली बांगडी सगळीकडे सारखी असते आणि ही नसते.

तिसरी गोष्ट मातीच्या मूर्ती. पांढरट, बारीक मातीच्या छोट्या मूर्ती दुहेरी साच्यात केलेल्या आहेत. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा दाबून मग जोडला, म्हणून त्या आतून पोकळ आणि हलक्या असतात. समोरून प्रकाश पडला तर काही दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च बाजूने, काचेला जवळजवळ समांतर धरला की कडेने गेलेली सांध्याची रेघ उठून दिसते. फ्लॅश मात्र वापरू नका. काचेत फक्त स्वतःचा चेहरा येतो आणि तशी परवानगीही बहुतेक ठिकाणी नसते. याच मातकामात रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली, अडकवण्यासाठी कडी किंवा भोक असलेली पदके आहेत. ती खरी नाणी नव्हेत. परक्या सम्राटाचा मुखवटा इथे दागिना झाला होता, एवढाच त्यांचा अर्थ. पेरिप्लसमध्ये भडोचला येणाऱ्या मालात सोन्या-चांदीची नाणी आहेत, शिसेही आहे, आणि सातवाहनांची शिशाची नाणीही आपल्याकडे सापडतात. पण म्हणून प्रत्येक शिशाचे नाणे परदेशी शिशाचे, असे मुलांना सांगू नका. ते धातूच्या तपासणीशिवाय ठरत नाही.

चौथी गोष्ट हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीत पाँपेई इथे १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. व्हेसुव्हियसच्या ७९ सालच्या उद्रेकात ते शहर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोहोचली होती. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी नाते सांगणाऱ्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या. भोकरदनचे उत्खनन १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी केले होते. पाँपेईची मूर्ती ‘इथलीच’ असे छातीठोक सांगणारे भेटतात. तिच्यावरचे खरोष्ठी अक्षर (खरोष्ठी ही वायव्य भारतातली जुनी लिपी) वायव्येकडे बोट दाखवते, त्यामुळे ‘त्याच घडणीच्या परंपरेतली’ इथवर थांबावे.

तगरहून सर्वाधिक जाणारा माल मात्र कपाटात मिळणार नाही. तो कापड होता आणि कापड आपल्या मातीत दोन हजार वर्षे टिकत नाही. चापेकरांच्या उत्खननात रंगाचे हौद मिळाले, कापड रंगवण्यासाठी वापरले असावेत असे. जे दिसत नाही तेच मुख्य होते, हे मुलांना तिथेच उभे करून सांगावे.

आता व्यवस्थेचे. चाळीस-पन्नास मुले एका रांगेत सोडली की पुढची धावतात, मागची ढकलतात आणि बाहेर येऊन सगळी पाणी मागतात. दहा-दहांचे गट करा, प्रत्येक गटाला एक कपाट द्या, पंधरा मिनिटांनी जागा बदला. एकूण दीड तास धरा. जागा अरुंद वाटली तर अर्ध्या मुलांना त्या वेळात त्रिविक्रम मंदिराकडे न्या. विटांच्या या मंदिराची मागची बाजू गजपृष्ठाकार, म्हणजे अर्धगोल आहे आणि मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. सोपाऱ्याला विटांचा स्तूप पाहणाऱ्या मुलांसाठी ही तयारीच आहे. तेरच्या ‘तरंगणाऱ्या’ विटांची गोष्ट कुणीतरी काढेलच. त्यात चमत्कार काही नाही. मातीत भुसा मिसळला तर भाजताना तो जळून जातो, बारीक छिद्रे राहतात आणि वीट हलकी होते. गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन बहुतेक सहली घेतातच. ते शेवटी ठेवा, म्हणजे घाई संग्रहालयात होत नाही.

वह्यांसोबत पेन नको, पेन्सिल द्या. शाई सांडते, काचेवर आणि भिंतीवर उमटते. फोटोपेक्षा रेखाटन चांगले, कारण फोटो काढला की मुले पाहायचे थांबतात. एका मुलाने एकच वस्तू काढावी आणि बाजूला तीन गोष्टी लिहाव्यात : पदार्थ कोणता, कशाने घडवली, कुठून आली असावी. तिसऱ्याचे उत्तर फलकावर नसले तरी चालेल.

एक गोष्ट सक्त बजावून सांगा. पांढरीवर फिरताना मणी किंवा खापर दिसले तर उचलायचे नाही. पाऊस झाला की तेरला असे अवशेष वर येतात, मोह होतो, आणि शिक्षकच ‘शाळेच्या प्रयोगशाळेसाठी’ म्हणून पिशवी भरतात. उचललेल्या मण्याचा थर गेला, जागा गेली, आणि तो कुठल्याही बाजारातल्या मण्यासारखा झाला. कायदाही आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांवरच्या मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संरक्षित स्थळांना आणि पुरावस्तूंना १९५८ आणि १९७२ चे कायदे लागू आहेत. वस्तू दिसली तर जागच्या जागी ठेवून संग्रहालयात सांगावे.

मुंबईच्या संग्रहालयात गेल्यावर तीन मजले पालथे घालायचा हट्ट सोडा. सोपाऱ्याच्या शिलालेखापाशी अर्धा तास द्या. हा अशोकाच्या चौदा प्रमुख शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा तुकडा आहे. नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात १९५६ मध्ये मिळाला. आठव्या लेखाचा विषय सहलीला इतका चपखल आहे की हसू येते : पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या विहारयात्रांना जात, मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधीला (म्हणजे बोधगयेला) गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असे अशोक सांगतो. आदल्या आठवड्यात वर्गात ब्राह्मीची पाच-सहा अक्षरे गिरवून घ्या. क म्हणजे अधिकचे चिन्ह, ठ म्हणजे पूर्ण वर्तुळ, र म्हणजे उभी रेघ, ग म्हणजे वरचे टोक जुळलेल्या दोन तिरप्या रेघा. तुटक्या दगडावर त्यांतले एखादे अक्षर स्वतः ओळखले की मुले तिथून हलत नाहीत.

त्या संग्रहालयात किंवा इतरत्र ‘रोमन कुंभ’ असा फलक दिसला तर दोन मुठी आहेत का ते पाहा. खरा अ‍ॅम्फोरा दोन मुठींचा आणि निमुळत्या बुडाचा असतो. जहाजाच्या तळात तो थरावर थर रचता येई आणि दारूसाठी असेल तर आतून राळेचा लेप असे. मुठी नसतील आणि आत डांबराचा काळा थर असेल तर ते बहुधा इराणी आखाताकडचे, टॉर्पेडोच्या आकाराचे रांजण. पश्चिम किनाऱ्यावर रोमन म्हणून नोंदलेली बरीच खापरे अशीच निघाली आहेत. कोल्हापूरकडे जाणाऱ्या सहलींनी तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती जरूर पाहावी. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी निघाला, आणि भूमध्यसागराशी व्यवहार किती आतपर्यंत पोहोचला होता हे तेवढ्यावरूनही कळते.

सोपाऱ्याला सकाळी लवकर पोहोचा. नालासोपारा स्थानकाच्या परिसरात दिवस चढला की मोठी बस वळवणे कठीण जाते, म्हणून बस मुख्य रस्त्यावर ठेवून शेवटचा टप्पा चालत गेलेले बरे. सावली कमी, तेव्हा टोप्या आणि पाणी हवेच. स्तूपाच्या विटांवर चढू देऊ नका. वरच्या विटा निसटल्या की आत पाणी मुरते आणि पुढच्या पावसात कड ढासळते.

शेवटी तारखांचे, कारण सर्वांत जास्त सहली इथेच फसतात. राज्य शासनाची संग्रहालये साधारणपणे सोमवारी बंद असतात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची शुक्रवारी. कपाटांची पुनर्मांडणी किंवा इमारतीचे काम चालू असेल तर दालने अचानक बंदही राहतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात फोन करून खात्री करावी आणि मुलांची संख्या कळवावी. एशियाटिक सोसायटीकडचे करंडक पाहायचे असतील तर शाळेच्या पत्रावर, मुख्याध्यापकांच्या सहीने, बरेच आधी लेखी विचारावे लागेल. नकार आला तर छायाचित्रांवर काम भागवावे, पण दारात जाऊन विनंती करत बसू नये. मुले ताटकळतात आणि पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडते. पैठणच्या बाळासाहेब पाटील संग्रहालयाचे आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या इतिहास वस्तुसंग्रहालयाचेही तसेच. ज्या शाळांना तेर लांब पडते त्यांनी ही दोन ठिकाणे घ्यावीत. पैठणचे मणी आणि भोकरदनचे हस्तिदंत हाताशी असताना जालना-संभाजीनगरच्या मुलांना तेरपर्यंत न्यायची गरज नाही.

आपले,
इतिहास शिकवणारे काही शिक्षक व पुरावस्तूंचे अभ्यासक,
धाराशिव जिल्हा